मासळीबाजारात सोमवार

निळी नोट होती दोनशे दिरहमची. मोरोक्कोतली सगळ्यात मोठी नोट हीच. दिरहम तेव्हा आठ-साडेआठ रुपयांना पडत होता, म्हणजे सोळाशे-सतराशे रुपये. वन्संनी ती माझ्यासमोर चार घड्या घालून बटव्यात ठेवली आणि म्हणाल्या, "आजचो दिवस ह्याच्यात. बसभाडा सोडून. दोघींचा."

याला कारण आदला दिवस. माराकेशच्या गल्ल्यांत आम्ही चुकलो होतो. एक गोड पोरगा "चौक इकडे, चौक इकडे" करत आम्हाला वीस मिनिटं भलतीकडेच फिरवत राहिला आणि शेवटी शंभर दिरहम मागून अडून बसला. मी पन्नास देऊन सुटका करून घेतली. वन्संनी रात्री वहीत लिहिलं, 'वाट दाखवणे – ५०' आणि खाली दोन रेघा मारल्या. त्यानंतर मी एक ठरवलं होतं: कुणीही, काहीही पुढे केलं की तोंडातून एकच निघणार, "ला, शुक्रन." नको, धन्यवाद. हे दोन शब्द पाठ झाले की मोरोक्को अर्धा सोपा होतो, असं मला तेव्हा वाटत होतं.

थोडं आमच्याबद्दल. वन्सं म्हणजे माझी मोठी नणंद, मालवणच्या, वय पासष्ट. त्यांचा मुलगा दीड वर्षासाठी कासाब्लांकात कामाला होता, म्हणून २०२४च्या फेब्रुवारीत आम्ही दोघी तिकडे जाऊन धडकलो. तो ऑफिसात अडकलेला. मग माराकेश आणि तिथून एका दिवसात अटलांटिकच्या काठचं एसाउइरा आमचं आम्हीच करायचं ठरलं. माझं माहेर साताऱ्याचं, मासे खायला मी लग्नानंतर शिकले. हे आताच सांगून ठेवते, पुढे लागणार आहे.

बसचे तीन तास मी झोपेत घालवले. आर्गनच्या झाडांवर चढलेल्या शेळ्या बघायच्या राहिल्या. वन्संनी बघितल्या. त्यांच्या मते त्या स्वतः चढलेल्या नव्हत्या, फोटोसाठी कुणीतरी चढवल्या होत्या. खाली माणूस उभा होता म्हणे, हात पसरून.

एसाउइरात उतरल्या उतरल्या वाऱ्याने गाठलं. वारा म्हणजे मंद झुळूक वगैरे नव्हे, मागून ढकलणारा. इथे अटलांटिकवरून वर्षातला बराचसा काळ हा असाच वाहतो, आणि पतंगाला लटकून लाटांवर घसरणारी युरोपातली पोरं खास त्याच्यासाठी येतात. वन्सं सुती साडी आणि स्पोर्ट्स शूजमध्ये. दोन मिनिटांत पदर डोक्यावरून उडून एका टॅक्सीच्या आरशात अडकला. तो सोडवून, कमरेला खोचून, तीन पिना लावून आम्ही बाब दुक्कालामधून आत गेलो. 'बाब' म्हणजे दरवाजा. ताबडतोब आवाज आला, "इंडिया! शाहरुख खान!" वन्संनी मान डोलावली, जणू तो त्यांच्या वाडीतलाच.

सकाळचं खाणं बिसारा. सुक्या बाकळ्याच्या दाण्यांचं दाट, पिठल्याच्या जवळ जाणारं सूप, वर ऑलिव्हचं तेल आणि जिरेपूड. सोबत गोल खोब्झ, म्हणजे तिथली भाकरीएवढी जाड रोटी. मोरोक्कोत टेबलावर मिठाशेजारी जिरेपूड असते, ही गोष्ट मला या देशाबद्दल सगळ्यात आवडली. दोन वाट्या चौदा दिरहम. वन्संनी चाटूनपुसून वाटी साफ केली, वहीत लिहिलं आणि मग सहज म्हणाल्या, "गो वयनी, आज सोमवार नाय काय?"

होता. म्हणजे मालवणची बाई, आयुष्यात पहिल्यांदा अटलांटिकच्या काठावर, पूर्ण देशात मासळीसाठी प्रसिद्ध असलेल्या बंदरात, आणि शंकराचा वार. सोमवारी त्या मासे खात नाहीत. आजारपणात नाही, लग्नकार्यात नाही. मी म्हटलं, "परदेशात चालतं हो." त्यांनी माझ्याकडे बघितलं फक्त.

शहराबद्दल दोन शब्द, कारण आवडलं. जुनं नाव मोगादोर. अठराव्या शतकात, १७६०च्या दशकात, सुलतान सिदी मोहम्मद बेन अब्दल्लाहने हे बंदर नव्याने बांधायला काढलं आणि आराखड्याचं काम एका फ्रेंच माणसाकडे दिलं. म्हणून गल्ल्या चक्क सरळ आहेत. माराकेशात डोकं गरगरलेल्या माणसाला इथे हायसं वाटतं, वाट दाखवणाऱ्याची गरजच पडत नाही. २००१ सालापासून ही जुनी वस्ती जागतिक वारशाच्या यादीत आहे. समुद्राकडच्या तटावर युरोपात ओतलेल्या तोफा ओळीने मांडून ठेवल्यात, त्यांच्यावर मांजरं झोपलेली. तटाखालच्या कोठ्यांत थुयाच्या लाकडाचं काम चालतं, आणि त्या गल्लीभर एक उग्र-गोड वास भरलेला असतो, कापूर आणि पेन्सिल तासल्याचा मिळून. वन्संनी तटावरून समुद्रातलं बेट बघितलं, लाटा खाली खडकावर आपटताना बघितल्या आणि म्हणाल्या, "आमच्या किल्ल्याक असोच मार बसता." सिंधुदुर्गाचं काम १६६४ला सुरू झालं, म्हणजे याच्यापेक्षा शंभर वर्षं आधी. हे मी सांगितल्यावर त्यांना शहर आणखी आवडलं.

बंदराच्या बुरुजाला तिकीट होतं. ते वन्संनी पाटी वाचूनच रद्द केलं. पण बंदर फुकट. निळ्या लाकडी होड्या एकमेकींना खेटून, डोक्यावर समुद्रपक्ष्यांचा कालवा, आणि पायाखाली जाळ्यांचे ढीग. एक म्हातारा जाळ्यावर मांडी घालून बसला होता. जाळं पायाच्या अंगठ्यात अडकवून ताणलेलं, हातात दोऱ्याने भरलेली चपटी सुई, तोंडात विझलेली सिगरेट. वन्सं त्याच्यासमोर उभ्या राहिल्या त्या राहिल्याच. त्यांचे वडील, माझे सासरे, अंगणात असेच अंगठ्याला जाळं लावून बसायचे. मी त्यांना फक्त फोटोत बघितलंय. मी मोबाइल काढला तसा म्हाताऱ्याने हात हलवून 'नको' केलं. वन्संनी माझ्या हातावर चापट मारली. फोटो नाहीये.

दीड वाजता मला भूक लागली आणि इथून पुढचं मला खरं सांगायचं आहे.

बंदराजवळ टेबलं मांडलेले मासे भाजून देणारे ठेले आहेत. तिथे लोक हाताला धरून बसवतात आणि भाव नंतर कळतो. आम्ही तिथे गेलो नाही. जुन्या वस्तीत आत एक मासळीबाजार आहे, तिथे मासे घ्यायचे आणि शेजारच्या भट्टीवाल्याकडे भाजून घ्यायचे. ही युक्ती भाच्याची. ओटे फरशीचे, पाणी वाहतंय, मांजरं आशेने बसलेली. तारल्या, वन्संच्या भाषेत पेडवे, पण आपल्यापेक्षा लांब आणि जाडजूड, चुलतबहिणीसारख्या. मला सातारकरणीला सगळे चकचकीत मासे सारखेच. वन्संनी सोमवार असूनही पुढे होऊन निवड केली. खायचे नाहीत, पण निवडायला कुठे बंदी आहे? एकेकीचा कल्ला उचलून लाल आहे का बघितला, पोट दाबलं, दोन परत फेकल्या. विकणारा आधी वैतागला, मग हसायला लागला, मग स्वतःच चांगल्या शोधून द्यायला लागला. अर्धा किलोच्या वर माल, बारा दिरहम.

भट्टीवाल्याने पोट साफ केलं, खडेमीठ चोळलं, जाळीच्या चिमट्यात ओळीने दाबल्या आणि कोळशावर धरल्या. बस्स. हळद नाही, तिरफळ नाही, आगळ नाही. वन्सं पुटपुटल्या, "ह्या काय, नुसतोच." तीस दिरहमात भाजणं, टोमॅटो-कांद्याची कोशिंबीर आणि खोब्झ. मी पितळी ताटलीतून बोटांनी काटे काढत खायला लागले. कातडी कुरकुरीत, आत रसरशीत, बोटांवरून तेल ओघळतंय. समोर वन्सं पावाला जिरेपूड आणि कोशिंबीर लावून खात होत्या, नजर माझ्या ताटलीवर.

त्याच बाकावर एक बाई बसल्या होत्या. वन्संच्याच वयाच्या, करड्या जेलाबात, म्हणजे तिथल्या पायघोळ झग्यात, डोक्याला रुमाल घट्ट बांधलेला. त्यांचे मासे भट्टीवर होते, पण समोर ताटली नव्हती. त्यांनी वन्संच्या पावाकडे बघितलं, माझ्या माशांकडे बघितलं, आणि वन्संना विचारलं, "सायमा?"

भट्टीवरच्या पोराने मोडक्या इंग्रजीत सांगितलं, विचारतायत, उपास आहे का? वन्संनी जोरात मान हलवली. मग बाईंनी पावाकडे बोट दाखवलं आणि भुवया उंचावल्या. उपास, आणि खातेयस? वन्संनी मासा दाखवून हाताने नाही केलं, पाव दाखवून हो केलं, आकाशाकडे बोट केलं आणि म्हणाल्या, "सोमवार." मी पोराला मंडे म्हटलं. त्याने भाषांतर केल्यावर बाई एकदम खुलल्या. स्वतःच्या छातीवर हात ठेवून म्हणाल्या, "आना सायमा." मी पण. त्यांच्यातही काही लोक सोमवारी आणि गुरुवारी ऐच्छिक रोजा धरतात. त्या दिवसभर पाणीसुद्धा घेणार नव्हत्या, भाजलेले मासे घरच्या नातवंडांसाठी होते. आमच्या वन्सं म्हणजे पाव खाऊन उपास करणाऱ्या. पण वार तोच, आणि बाईंनी तेवढ्यावर भागवलं.

मग त्यांनी पिशवीत हात घालून सुक्या अंजिरांची माळ काढली. दोरीत ओवलेली, चपटी, वर पांढरी भुकटी आलेली. चार-पाच सोडवली आणि आमच्यापुढे धरली.

आणि मी म्हटलं, "ला, शुक्रन."

विचार करून नाही. तोंडातून निघालं. कालचा पोरगा डोळ्यासमोर, पन्नास दिरहम, दोन रेघा. बाईंचा हात तसाच पुढे राहिला. त्यांना राग आला नाही, त्या फक्त गोंधळल्या, आपण काही चुकीचं केलं का अशा. पोराने भट्टीकडे तोंड फिरवलं. सूर्यास्ताला रोजा सोडायला घेतलेली अंजिरं असणार ती, हे मला नंतर सुचलं. तेव्हा मी मनात हिशोब करत होते, पाच अंजिरांचे किती मागेल.

वन्संनी, ज्यांनी शौचालयाचे चार दिरहमही वहीत लिहिलेत, ज्या बंदराच्या तिकिटावरून माघारी फिरल्या, त्यांनी दोन्ही हात पुढे करून ओंजळ केली. प्रसाद घेतात तशी. एक अंजीर तिथेच तोंडात टाकलं, डोळे मिटले, आणि बटव्यातून काय काढलं तर मालवणहून आणलेलं कोकम, खळखळणाऱ्या प्लास्टिकमधलं, पित्तासाठी बरोबर ठेवलेलं. दिलं बाईंच्या हातात. बाईंनी हुंगलं, नाक मुरडलं, परत हुंगलं आणि पिशवीत जपून ठेवलं. संध्याकाळी रोजा सोडताना त्यांनी ते चाखलं असेल तर त्या सोमवारचं त्यांच्या घरी काय झालं, ते मला जन्मात कळणार नाही.

त्या निघून गेल्यावर वन्सं मला काही बोलल्या नाहीत. एक अंजीर माझ्या ताटलीत काट्यांशेजारी ठेवलं. मी ते खाल्लं. गोड होतं, तरी नीट गिळलं जाईना.

चार तारल्या उरल्या. पोराने न विचारता कागदात बांधून वन्संच्या हाती दिल्या.

दुपार अशीच गेली. किनाऱ्यावर वाळू डोळ्यांत गेली म्हणून परत फिरलो. चौकातला चहा वन्संनी भाव विचारून नाकारला, मागच्या गल्लीत पुदिन्याच्या चहाची किटली बारा दिरहमला मिळाली. थुयाची एक डबी शंभरावरून साठवर आणली, बदाम आणि आर्गन तेलाचं, पावाला लावायचं अम्लू पन्नासचं घेतलं. बेरीज एकशे ब्याऐंशी. अठरा उरले. वहीत शेवटची ओळ अशी आहे: 'अंजीर – दिले एक पाकीट कोकम.' आकडा नाही. वन्संच्या वहीत बिनआकड्याची ती एकच ओळ असावी.

परतीची बस सहाला सुटली. दीड तासाने बाहेर अंधारून यायला लागलेलं, आत दिवे बंद, लोक पेंगुळलेले. वन्संनी मनगटावरचं घड्याळ डोळ्यांजवळ नेलं. ते त्यांनी शेवटपर्यंत भारतातल्या वेळेवरच ठेवलं होतं.

"बारा वाजले," त्या म्हणाल्या. "घराकडे मंगळवार लागलो."

आणि पिशवीतून कागदाची पुडी बाहेर काढली. बंद बसमध्ये थंड तारल्यांचा वास पसरला. पुढच्या सीटवरच्या माणसाने वळून बघितलं. मी कुजबुजले, "वन्सं, वार सूर्योदयाला बदलतो ना आपला?"

"तुका कोणी इचारल्यान?" म्हणत त्यांनी पहिला काटा काढून माझ्या हातावर ठेवला.