दोन पासपोर्ट आहेत, तर दाखवायचा कुठला?

दर डिसेंबरात बडोद्याला आले की दांडिया बाजारातल्या आमच्या घरी कुणीतरी विचारतंच, "दोन पासपोर्ट ना तुझे? मग विमानतळावर दाखवतेस कुठला?" शेजारच्या गुजराती काकी तर परस्पर निकालच देतात, "बे पासपोर्ट? जलसा छे!"

कसला जलसा! एक कॅनडाचा, एक अमेरिकेचा. भारताचा नाहीच. दुसऱ्या देशाचं नागरिकत्व आपणहून घेतलं की १९५५च्या नागरिकत्व कायद्याच्या कलम ९ प्रमाणे भारताचं संपतं. माझा निळा पासपोर्ट रद्दचा शिक्का मारून परत आला, तो आईने कपाटात साड्यांच्या घडीत ठेवलाय. आता हातात आहे ते ओसीआय, म्हणजे 'ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया' कार्ड. त्याला आजन्म व्हिसा म्हणा, नागरिकत्व म्हणू नका. मत देता येत नाही. उद्या बडोद्याजवळ पादरा गावाकडे शेतजमीन विकत घ्यावीशी वाटली तर तीही घेता येत नाही. वारशाने आली तर गोष्ट वेगळी. आणि अमेरिकेचा कर नागरिकत्वाला चिकटलेला, त्यामुळे बडोद्यात कायमची येऊन राहिले तरी तिथलं विवरणपत्र काही सुटायचं नाही.

तर दाखवायचा कुठला? अमेरिकेत शिरताना आणि तिथून निघताना अमेरिकेचाच, तसा तिथला कायदाच आहे. माझं ओसीआय मात्र कॅनडाच्या पासपोर्टवर काढलेलं. म्हणून अहमदाबादला उतरताना कॅनडाचा, आणि ज्यावर आत आले त्यावरच बाहेर. परतीच्या दिवशी विमान कंपनीच्या काउंटरवर अमेरिकेचा, कारण त्यांना बघायचं असतं पुढे मला घेतील की नाही. तिथून चार पावलांवर इमिग्रेशनला कॅनडाचा.

इथवर सोपं आहे. मी फसले ते नावात. कॅनडाचा पासपोर्ट लग्नाआधीचा, त्यावर माहेरचं आडनाव. अमेरिकेचा लग्नानंतरचा, त्यावर सासरचं. तिकीट सासरच्या नावाने काढलेलं. एकदा परत जाताना इमिग्रेशनच्या साहेबांनी बोर्डिंग पास बघितला, पासपोर्ट बघितला, मग माझ्याकडे बघितलं. "ये दूसरी मैडम कौन हैं?"

विवाह नोंदणीचा दाखला होता की! मोठ्या बॅगेत, लोणच्याच्या बरणीशेजारी, आणि बॅग केव्हाच पट्ट्यावरून आत गेलेली. चूक सगळी माझी. भावाला फोन लावला. त्याने घाईघाईत आधी लग्नाच्या पंगतीतला फोटो पाठवला, मग कपाट उपसून दाखल्याची झेरॉक्स. साहेबांनी दोन्ही पासपोर्ट शेजारी ठेवून फोटो ताडून पाहिले. मागची रांग उसासे टाकत होती. शेवटी शिक्का बसला.

तेव्हापासून दाखला पर्समध्ये असतो. कॅनडाचा पासपोर्ट पुढच्या वर्षी संपतोय. नवा सासरच्या आडनावाने काढून टाक, असं सगळे सांगतात. आईला विचारलं तर म्हणाली, "एकावर तरी आमचं राहू दे की गं."