चुना नको, अण्णा

राजस्थानात बाडमेरला रस्त्याच्या कामावर आल्यापासून अण्णांचा प्रत्येक फोनवर एकच सल्ला असतो, “अगं, चुना टाक की!” बांधकाम खात्यात, सोलापूरकडच्या काळ्या मातीत त्यांची हयात गेली. तिथे त्यांचं बरोबरच आहे. काळ्या मातीतल्या चिकणमातीशी चुना भिडतो, फुगणं कमी होतं, चिकटपणा जातो. इथल्या वाळूत चिकणमाती जवळपास नाहीच, मग एकटा चुना भिडणार कुणाशी? जोडीला फ्लाय अ‍ॅश, म्हणजे कोळशाच्या वीजकेंद्रातली बारीक राख दिली तर जमतं, पण सावकाश. म्हणून सिमेंटच्या थराची ताकद ७ दिवसांनी बघतात, चुना आणि फ्लाय अ‍ॅशची २८ दिवसांनी.

ही वाळू वाऱ्याने चाळलेली, सगळे कण साधारण एकाच मापाचे. फटी भरायला बारीक काही नाही, त्यामुळे रोलर पुढे गेला की मागे वरचा पापुद्रा सुटाच राहतो. पण हीच वाळू चारी बाजूंनी आवळली तर भरपूर वजन पेलते. अमेरिकी लष्कराच्या इंजिनिअरांनी १९७० च्या दशकात किनाऱ्यावरून वाहनं न्यायला मधाच्या पोळ्यासारखे कप्पे करून त्यांत वाळू भरून पाहिली. आजच्या जिओसेलचं, म्हणजे माती आवळून धरणाऱ्या कप्प्यांच्या जाळीचं, मूळ तेच.

आमच्याकडे वाळूत सिमेंट मिसळतो. पण त्याआधी घनता मोजायची, आणि तिथे खरी करमणूक. पद्धत अशी की थरात खड्डा करायचा, निघालेला माल तोलायचा आणि खड्ड्यात मोजकी कोरडी वाळू ओतून त्याचं आकारमान काढायचं. कोरड्या वाळूत खड्डा घेतला की कडा ढासळतात, चमचा आत जातो तेवढ्यात तोंड रुंद झालेलं असतं. ओलसर असताना झटपट उरकलं तरच आकडा विश्वासाचा. सिमेंटचा थर धरल्यावर मात्र खड्ड्याची कड सुरीने कापल्यासारखी उभी राहते. ती कड बघायला मला अजून आवडतं.

पाणी मिसळल्यापासून दोन तासांच्या आत दबाई संपवायची. रोलर बंद पडला तर पुढचा माल मिसळूच देत नाही मी, कुणी कितीही कुरकुर करो. सिमेंट पहाटेच पसरतो, वारा उठला की निम्मं शेजारच्या बाजरीत. पाण्याचीही तपासणी आलीच. इकडचं भूजल बऱ्याच ठिकाणी खारं, आणि सल्फेट जास्त असलं तर सिमेंटचं नुकसान. टँकरवाल्याने “मीठा पानी है” म्हटल्याने भागत नाही.

ठेकेदाराच्या माणसाला वाटतं, सिमेंट थोडं वाढवलं की काळजी मिटली. आयआरसी ३७ मध्ये, म्हणजे डांबरी रस्त्यांच्या रचनेच्या भारतीय मार्गदर्शिकेत, सिमेंटच्या बेस थराला ४.५ ते ७ मेगापास्कल ताकद लिहिलीय, म्हणजे वरची मर्यादाही आहे. सिमेंट जास्त झालं तर थर आकसताना रुंद तडे पडतात आणि ते वरच्या डांबरात उमटतात. त्यासाठीच मध्ये १०० मिलिमीटर खडीचा थर देतात. तो गाळून खर्च वाचवायचा विषय दर मीटिंगला निघतो.