लाल पट्टा दिसला आणि हात थंड पडले: माझी लेव्हल-२ ची परीक्षा

विमानाच्या भागात ध्वनी सोडून त्याच्या प्रतिध्वनीवरून आतले दोष शोधायचे, हे माझं अल्ट्रासॉनिक तपासणीचं काम. त्याची लेव्हल-२ परीक्षा नेमकी मे महिन्यात आली. मिहानमधल्या विमान दुरुस्तीच्या हँगरच्या पत्र्याखाली ज्याने नागपूरची दुपार काढलीय, त्याला जास्त सांगायला नको.

आधीचे टप्पे पटापट सांगतो. ८० तासांचे वर्ग, मग सीनियरच्या हाताखाली काम करून भरलेली अनुभवाची वही. डोळ्यांची तपासणी दरवर्षी: जेगर १ ही बारीक अक्षरं किमान ३० सेंमीवरून वाचता आली पाहिजेत. मग तीन परीक्षा: जनरल, स्पेसिफिक आणि प्रॅक्टिकल. प्रत्येकीत किमान ७० टक्के आणि सरासरी ८०. पहिल्या दोन निघाल्या. (ध्वनी कसा वळतो त्या स्नेलच्या नियमाचं एक गणित चुकलं, ते सोडा.)

प्रॅक्टिकल क्रॉलरवर होतं. क्रॉलर म्हणजे छोट्या सुटकेसएवढा रोबोट. सक्शन कपांनी विमानाच्या अंगाला चिकटून सरकतो, पोटाखाली फेज्ड अ‍ॅरे प्रोब, म्हणजे ध्वनी सोडणाऱ्या आणि ऐकणाऱ्या बारीक घटकांची रांग, मागे पाण्याची नळी. प्रोब आणि पॅनलमध्ये पाण्याचा थर नसेल तर ध्वनी आत जातच नाही. ड्रीमलायनर विमानाचं निम्मं वजन कंपोझिटचं, म्हणजे थरावर थर चिकटवून केलेल्या साहित्याचं आहे. त्याला शिडी किंवा सामानाची गाडी धडकली तर वर जेमतेम ओरखडा दिसतो आणि आत थर सुटलेले असतात. हाताने प्रोब फिरवून एवढा पृष्ठभाग तपासायचा तर पाठीचा भुगा होतो, शिवाय कुठली ओळ सुटली ते आपल्यालाही कळत नाही. क्रॉलर ओळीला ओळ लावून जातो, एन्कोडर जागा नोंदवत राहतो आणि स्क्रीनवर रंगीत नकाशा उमटतो. त्याला सी-स्कॅन म्हणतात.

आमच्याकडचे एक जुने भाऊ अजूनही हनिकोंब (आत मधाच्या पोळ्यासारखी जाळी असलेलं) पॅनल आधी नाण्याने ठोकून बघतात. थर सुटला असेल तिथे आवाज बद्द येतो. माझी आई उन्हाळ्यात माठ घेताना बोटाने वाजवून बघते, अगदी तसंच. क्रॉलरसमोर मी पहिल्यांदा बसलो तेव्हा भाऊंनी एकच विचारलं होतं, "पाणी पाह्यलं का बे आधी?" मला ते हसण्यावारी न्यायचं बोलणं वाटलं.

परीक्षेच्या दिवशी कॅलिब्रेशन ब्लॉक, म्हणजे यंत्र जुळवून घ्यायचा माहीत जाडीचा नमुना, मी एसीच्या खोलीतून लवकर आणून पॅनलशेजारी ठेवला. तापमानाने ध्वनीचा वेग बदलतो, त्यामुळे ब्लॉक थंड आणि पॅनल तापलेलं असेल तर दोष किती खोल आहे तो आकडा चुकतो. ही चूक मी शिकताना एकदा केली होती, पुन्हा नाही.

तिसऱ्या ओळीला स्क्रीनवर लांबलचक लाल पट्टा आला. आमच्या सेटिंगमध्ये मागच्या पृष्ठभागाचा प्रतिध्वनी गेला की लाल. घाम फुटलाच होता, वर हात थंड. "डीलॅमिनेशन", म्हणजे थर सुटलेत, असं लिहायला पेन उचललं आणि ए-स्कॅन, म्हणजे त्या एका जागेच्या प्रतिध्वनींचा आलेख, उघडला. थर सुटला असता तर अलीकडे, कमी खोलीवर नवा प्रतिध्वनी उभा राहिला असता. तिथे काहीच नव्हतं. म्हणजे दोन शक्यता: आतल्या बारीक छिद्रांनी ध्वनी खाल्लाय, किंवा ध्वनी आत गेलाच नाही. नळी चाचपली तर क्रॉलरच्या चाकाखाली दबली होती, आणि तापलेल्या पॅनलवरचं उरलंसुरलं पाणी केव्हाच सुकलं होतं. नळी मोकळी केली, पॅनल पुसलं, तीच ओळ पुन्हा फिरवली. पट्टा गेला, पण त्याच्या कोपऱ्यात अंगठ्याएवढा एक डाग उरला, आणि तिथे मधल्या खोलीवर स्वच्छ प्रतिध्वनी होता. परीक्षेसाठी पेरलेला दोष तो. पट्ट्याखाली झाकला गेला होता.

परीक्षक सर सगळं बघत होते, काही बोलले नाहीत. रिपोर्टमध्ये मी पहिला स्कॅन का रद्द केला तेही लिहिलं. पास झालो. गुण कापले ते दोषाची लांबी जास्त धरल्याबद्दल.