साउथएंडचा धक्का: दोन किलोमीटरहून जास्त, चिखलावरून

"बोटी कुठे जातात तिथून?" बाबांनी ट्रेनमध्ये विचारलं.
"रोजच्या अशा कुठेच नाही."
"मग माणसं कशाला जातात?"
"टोकापर्यंत जाऊन परत यायला."

बाबा खिडकीबाहेर बघत राहिले. हर्णैला जन्म आणि नोकरीची सगळी वर्षं मुंबईत. धक्का म्हटलं की त्यांच्या डोळ्यांसमोर भाऊचा धक्का येतो: माशांच्या टोपल्या, बोटीची घाई, सामानाची चिंता. निव्वळ मौजेसाठी समुद्रात बांधलेला धक्का, त्यावर आगगाडी, आणि वर चालायला तिकीट, हे त्यांच्या पचनी पडेना. इंग्लंडात किनाऱ्यावरच्या गावांना एकेकाळी असे धक्के असणं प्रतिष्ठेचं होतं. त्यांतला सगळ्यात लांब साउथएंडचा, २.१६ किलोमीटर. मौजेच्या धक्क्यांमध्ये जगात याच्याहून लांब दुसरा नाही.

आधी जायचं कसं ते सांगते. लंडनच्या फेनचर्च स्ट्रीटहून साउथएंड सेंट्रलला साधारण तासाभरात पोचता येतं. पूर्व लंडनमध्ये राहणाऱ्यांना वेस्ट हॅमला चढणं सोयीचं. लिव्हरपूल स्ट्रीटहूनही गाडी आहे, ती साउथएंड व्हिक्टोरियाला जाते, पण मी पहिलीच सुचवेन. कारण एकच. जाताना उजव्या बाजूची खिडकी धरलीत, तर साउथएंडच्या अलीकडच्या ली या गावापासून पुढे रूळ अगदी पाण्याला लागून जातात. पाण्याला म्हणजे, पाणी असेल तर.

आम्ही गेलो तेव्हा ते नव्हतं. लीच्या पुढे खिडकीतून नजर जाईल तिथवर राखाडी चिखल आणि त्यात कलंडलेल्या होड्या. आई म्हणाली, "अगं, समुद्र कुठाय?" बाबा मात्र पहिल्यांदाच खुलले. "सुकती आहे," म्हणाले. "आता हे इथे धक्का का बांधलाय ते कळलं."

गोष्ट खरोखरच तेवढी आहे. हे थेम्स नदीचं मुख. इथला किनारा इतका उथळ, की ओहोटीला पाणी दीड किलोमीटरहून जास्त मागे हटतं. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला लंडनकर हवा खायला वाफेच्या बोटींनी समुद्रकाठी जाऊ लागले, तेव्हा मारगेटसारख्या गावांची चंगळ झाली आणि साउथएंडला बोट लागेना. लंडनचे माजी लॉर्ड मेयर विल्यम हेगेट यांनी खटपट करून १८२९ साली संसदेकडून परवानगी मिळवली. पुढच्याच वर्षी लाकडी धक्का उघडला, पण तो जेमतेम १८० मीटरचा. ओहोटीला तोही चिखलातच उभा. मग वाढवत वाढवत १८४६ पर्यंत तो दोन किलोमीटरच्या पुढे नेला, तेव्हा कुठे बोटी भरती-ओहोटी न बघता लागू लागल्या. म्हणजे ही लांबी मिरवायला केलेली नाही, पाण्यापर्यंत पोचण्याची ती किंमत आहे.

बाबांना यावरून हर्णै आठवलं. तिथे उथळ किनाऱ्यावर मासळी उतरवायला बैलगाड्याच पाण्यात घालायचे, आणि मुंबईची आगबोट आली की ती लांब उभी राहून माणसं पडावातून किनाऱ्याला. "आपण गाडी पाण्यात घातली, यांनी रूळ टाकले," एवढं बोलून ते धक्क्याच्या तिकीटखिडकीकडे निघाले.

आता माझी चूक. त्याआधी वसंतात आम्ही दोघंच नवरा-बायको गेलो होतो, आणि वाऱ्यामुळे धक्का बंद होता. दाराशी उभं राहून आइस्क्रीम खाल्लं आणि परत आलो. जोराचा वारा असला की बंद ठेवतात, आणि हिवाळ्यात आठवड्याचे सगळे दिवस उघडा असतोच असं नाही. तेव्हा निघायच्या दिवशी सकाळी धक्क्याच्या संकेतस्थळावर बघाच. तिथेच वेळा आणि दर कळतील. दर मोसमाप्रमाणे बदलतात, म्हणून इथे देत नाही.

दुसरी गोष्ट तपासायची ती भरतीची वेळ. मी आता ठामपणे म्हणते: पूर्ण ओहोटीच्या सुमाराला पोचा आणि तीन-चार तास काढा. निव्वळ भरतीला गेलात तर पाण्यावरचा एक लांब पूल दिसेल. ओहोटीला गेलात तर खांबांचे पाय, त्यांना चिकटलेले शिंपले, चिखलातून वळणं घेत जाणारे ओहोळ दिसतात, आणि तुम्ही टोकाला चहा पीत असताना पाणी परत येतं. ते येताना लाटा घेऊन येत नाही, चिखलावर नुसतं पसरत जातं, ताटात ताक ओतावं तसं. लहान मुलं बरोबर असतील तर त्यांना चिखलात लांब जाऊ देऊ नका. ओहोळ मागून भरतात आणि वाट तुटते. इथल्या जीवरक्षक दलाकडे चिखलावरून जाण्यासाठी हॉवरक्राफ्ट ठेवलंय, ते उगाच नाही.

चालायचं की गाडीने जायचं? जाताना चाला, येताना गाडी. चालायला अर्ध्या तासापासून पाऊण तासापर्यंत, गाडीला दहा मिनिटांच्या आसपास. वारा बहुधा नैर्ऋत्येकडून, म्हणजे जाताना तो उजव्या कानावर बसतो. जूनमध्येसुद्धा कान झाकेल असं काहीतरी घ्या. आईने शाल घेतली होती, मी तिला हसले होते, आणि निम्म्या वाटेत ती शाल माझ्या डोक्यावर होती. खाली लाकडी फळ्या आहेत, फटी आहेत, टाचेच्या चपला नकोत. ज्यांना गुडघ्यांचा त्रास त्यांनी दोन्ही वेळा गाडीच घ्यावी. गाडीत व्हीलचेअर आणि बाबागाडी दोन्ही चढतात. हल्लीच्या गाड्या बॅटरीवरच्या आहेत, हिरव्या रंगाच्या. एकीला इथले दिवंगत खासदार सर डेव्हिड एमेस यांचं नाव आहे. २०२१ मध्ये त्यांची हत्या झाली, आणि साउथएंडला शहराचा दर्जा मिळावा ही त्यांची जुनी मागणी २०२२ मध्ये पूर्ण झाली.

चालताना जे पायाखाली असतं तो जुना लाकडी धक्का नव्हे. हा लोखंडी, जेम्स ब्रनलीस या अभियंत्याचा, १८८९ साली उघडलेला. लाकडी धक्क्यावर घोडे डबे ओढत, लोखंडीवर पहिल्यापासून वीज. त्यानंतरचा इतिहास म्हणजे आगी आणि टकरी. १९५९ मध्ये किनाऱ्याकडचं सभागृह जळालं, १९७६ मध्ये टोक जळालं, १९९५ मध्ये किनाऱ्याकडची बोलिंगची इमारत, २००५ मध्ये पुन्हा टोकाकडे आग. मधे १९८६ ची गंमत तर ऐकाच. कित्येक वर्षं बंद पडलेली रेल्वे मे महिन्यात राजकन्या ॲन यांच्या हस्ते सुरू झाली, आणि जूनच्या शेवटी एक जहाज धक्क्यावर आदळून आरपार गेलं. टोक वेगळं पडलं. बाबा म्हणाले, "दृष्ट काढायला पाहिजे होती."

दुसऱ्या महायुद्धात धक्का नौदलाने घेतला होता. जहाजांचे काफिले इथून जमवून पुढे पाठवत. युद्धभरात तीन हजारांहून अधिक काफिले निघाले. टोकाला उभं राहून समोरचं पाणी बघताना हे लक्षात ठेवा, आणि हवा स्वच्छ असेल तर केंट किनाऱ्याच्या बाजूला पाण्यातून वर आलेल्या डोलकाठ्या शोधा. दुर्बीण न्या. ते रिचर्ड मॉन्टगोमेरी नावाचं अमेरिकी मालवाहू जहाज, १९४४ मध्ये वाळूत रुतून फुटलेलं. त्याच्या पोटात अजून सुमारे १४०० टन स्फोटकं आहेत. काढणं धोक्याचं म्हणून तसंच ठेवलंय, आणि जवळ जायला बंदी. आम्हाला तीन बारीक काड्या दिसल्या. आईला एकही दिसली नाही, पण तिने "हो हो" म्हटलं.

टोकाला फार काही नाही, हे स्पष्ट सांगते. २०१२ मध्ये बार्जवरून आणून क्रेनने बसवलेलं सभागृह, एक कॅफे, स्वच्छतागृहं, जीवरक्षक नौकेचं ठाणं आणि त्याचं छोटं दुकान, गळ टाकून बसलेली माणसं. ज्यांना पाळणे आणि झोपाळे हवेत त्यांच्यासाठी किनाऱ्यालाच, धक्क्याच्या दोन्ही अंगांना ॲडव्हेंचर आयलंड आहे. मुलांना आधी तिथे नेलंत तर धक्का बघायचा राहूनच जाईल. बाबा गळवाल्यांपाशी अर्धा तास उभे होते. इंग्रजी त्यांना बेताचं येतं, पण गळाला आमिष काय लावलंय हे विचारायला ते पुरलं.

घरून डबा न्या. आम्ही धपाटे आणि लसणीची चटणी नेली होती. बाकावर बसून खाताना मात्र समुद्रपक्ष्यांकडे पाठ करू नका. माझ्या हातातला अर्धा धपाटा एका पांढऱ्या-करड्या पक्ष्याने अलगद नेला, चटणीसकट. शेवटची परतीची गाडी कधी ते तिकीट घेतानाच विचारा, नाहीतर आमच्यासारखी धावपळ होते.

आणि परतताना थेट लंडन गाठू नका. लीला उतरा. स्टेशनपासून थोडं चालत गेलात की जुन्या गावात कोकल विकणाऱ्या टपऱ्यांची रांग आहे. कोकल म्हणजे आपल्या तिसऱ्यांची चुलत बहीण, उकडून, वर व्हिनेगर आणि मिरपूड. संध्याकाळी लवकर बंद होतात, म्हणून चारच्या आत पोचा. बाबांनी एक वाटी संपवली, दुसरी मागवली, आणि मग बराच विचार करून म्हणाले, "खोबरं हवं होतं."