मुदत संपली असं कोणी सांगितलं तर

गेले काही दिवस लिहीन लिहीन म्हणतेय. माझी एक मैत्रीण आहे, तिला विचारूनच लिहितेय, ओळख पटेल असं काही लिहिणार नाहीये. ऑफिसातल्या सीनियरने तिला लैंगिक त्रास दिला, आणि ती माझ्याकडे आली तेव्हा शेवटच्या प्रकाराला चार महिने होऊन गेले होते. एचआरकडे जाऊन आली होती, तिथे सांगितलं की तक्रार तीन महिन्यांत द्यायची असते, आता मुदत संपली. हे तिने इतक्या शांतपणे सांगितलं ना, की माझ्याच पोटात तुटलं.

कारण हे अर्धंच खरं आहे. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा 2013 चा कायदा, ज्याला सगळे पॉश म्हणतात, त्याच्या कलम 9 मध्ये तीन महिने आहेत हे बरोबर, आणि प्रकार वारंवार झाला असेल तर ते शेवटच्या घटनेपासून मोजायचे. पण त्याच कलमात पुढे लिहिलंय की बाईला वेळेत तक्रार करता आली नाही हे अशा तक्रारी ऐकणाऱ्या ऑफिसातल्या समितीला पटलं तर कारणं लेखी नोंदवून अजून तीन महिन्यांपर्यंत मुदत वाढवता येते. म्हणजे ठरवायचं समितीने, एचआरने परस्पर नाही.

मग समितीत कोण आहे ते शोधायला लागलो. पॅन्ट्रीत फ्रिजच्या मागे एक कागद चिकटवलेला होता, त्यावरच्या दोघी केव्हाच नोकरी सोडून गेलेल्या! दहा किंवा जास्त माणसं असतील तिथे अंतर्गत समिती लागतेच, अध्यक्ष बाई, निम्म्या तरी बायका, एक सदस्य बाहेरच्या संस्थेतला, आणि हे सगळं दिसेल अशा जागी लावायचं असतं. समितीच नेमली नाही तर मालकाला 50,000 रुपयांपर्यंत दंड आहे. दहापेक्षा कमी माणसं असतील किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्धच असेल तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जायचं, आणि घरकाम करणाऱ्या ताईंनाही तिथे जाता येतं, हे फार कमी जणींना माहीत असतं.

तिला सगळ्यात जास्त खात होतं ते हे, की "हात तर लावला नाही ना त्याने". अगं, नकोसं वाटणारं लैंगिक बोलणं, इशारे, अश्लील काही दाखवणं, हे सगळं कायद्यात आहे. आणि सिद्ध झालं नाही तर मलाच खोटी ठरवतील ही भीती, तर कलम 14 मध्ये स्पष्ट आहे की नुसता पुरावा देता आला नाही म्हणून कारवाई होत नाही. "मिटवून टाक" म्हणून कोणी मागे लागलं तरी समेट तिने स्वतः मागितला तरच, आणि त्यात पैसे घेऊन मिटवणं चालत नाही. चौकशी चालू असताना बदली मागता येते, स्वतःच्या रजेशिवाय तीन महिन्यांपर्यंत रजाही मागता येते.

हे सगळं आयतं मिळालेलं नाहीये हो. 1992 मध्ये राजस्थानात सरकारी कामाचा भाग म्हणून बालविवाह थांबवायला गेलेल्या भंवरी देवींवर सामूहिक बलात्कार झाला, त्यातून झालेल्या याचिकेवर सुप्रीम कोर्टाने 1997 मध्ये कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्ध नियम घालून देणारा विशाखा निकाल दिला, आणि कायदा व्हायला अजून सोळा वर्षं गेली.

त्या रात्री आम्ही उशिराची कारणं लिहायला बसलो. तारखा आठवेनात, मग तिने मोबाईलमधल्या कॅबच्या पावत्या, गॅलरीतले फोटो, मेल असं एकेक जुळवत वहीत दिवस लावले. कारण म्हणून आधी तिने लिहिलं "भीती वाटत होती", मग त्याच्या खाली जरा वेळाने, "माझं अप्रेझल त्याच्याच हातात होतं".

सकाळी तिने तक्रारीच्या सहा प्रती काढल्या, नियमात तेवढ्याच सांगितल्यात. पुढचं इथे लिहिणार नाही. कलम 16 ने त्याला मनाई आहे, आणि ती तिच्यासाठीच आहे.