म्युनिकमध्ये फ्लॉवर-बटाट्याचा रस्सा

बडोद्याच्या मराठी घरांतून मूल परदेशी शिकायला निघाले की सामानाच्या यादीत प्रेशर कुकर सर्वांत वर लिहिला जातो आणि उरलेले दिवस मसाल्याच्या पुड्या बांधण्यात जातात. मी म्युनिकहून सुटीवर आलो आहे आणि दांडिया बाजारातल्या घरी सध्या हेच चालू आहे, कारण माझी भाची ऑक्टोबरच्या सत्राला तिकडे येते आहे. तिला फ्लॉवर-बटाट्याचा रस्सा तेवढा नीट यावा, असे मला वाटते. त्याच्या भाज्या तिथल्या कोणत्याही दुकानात मिळतात. मात्र तिथला बटाटा, तिथले पाणी आणि तिथला टोमॅटो आपल्यासारखे वागत नाहीत.

“मामा, बटाटा तो बटाटाच ना?” असे तिने विचारले. खंडेराव मार्केटमध्ये आपण डीसाचा बटाटा म्हणून जो मिळेल तो घेतो, पण जर्मनीत पिशवीवर तो शिजल्यावर कसा होईल हे छापलेले असते. फेस्टकोखेंड म्हणजे शिजूनही फोड अखंड ठेवणारा, मेलिगकोखेंड म्हणजे पिठूळ, आणि या दोघांच्या मधला एक. पिशवीवरचा रंगही बहुधा अनुक्रमे हिरवा, निळा आणि लाल असतो. नुसता हिरवा घेतला तर रस्सा पाण्यासारखा राहतो आणि फोडी त्यात वेगळ्या पोहतात, म्हणून लाल पिशवीतले 3 मध्यम बटाटे घ्यावेत आणि निळ्यातला मिळाल्यास एक घालून तो शेवटी पळीने मोडावा, म्हणजे दाण्याच्या कुटावर फार भार पडत नाही.

यापेक्षा महत्त्वाचा आहे तो क्रम. बडोद्यात आमच्याकडे टोमॅटो फोडणीतच परततात आणि मग भाजी घालतात. म्युनिकमध्ये हिवाळ्यातल्या ताज्या टोमॅटोला चव नसल्यामुळे डब्यातला टोमॅटो वापरावा लागतो, आणि त्यात बहुधा वरून सायट्रिक आम्लही घातलेले असते. भाजीच्या पेशींना धरून ठेवणारे पेक्टिन आम्लात सहज सुटत नाही, त्यामुळे टोमॅटो आधी घातला तर बटाटा कितीही उकळला तरी आतून कडक राहतो. त्यात म्युनिकचे पाणी आल्प्सच्या पायथ्याच्या चुनखडीच्या भागातून, मुख्यतः मांगफाल खोऱ्यातून येते. पाण्यातल्या क्षारांचे माप तिकडे जर्मन अंशांत देतात; 14 अंशांच्या वरचे पाणी कठीण मानतात आणि हे त्यातच मोडते. त्यातल्या कॅल्शियममुळे पेक्टिन आणखी घट्ट होते, आणि तूरडाळही त्याच कारणाने रेंगाळते. तेव्हा मोहरी, जिरे, हिंग, हळद यांच्या फोडणीवर बटाटा घालावा, उकळते पाणी ओतावे, तो अर्धा शिजल्यावर फ्लॉवरचे तुरे टाकावेत आणि सुरी सहज आत जाऊ लागली की मगच टोमॅटो किंवा आमसूल, तिखट, मीठ आणि दोन चमचे गोडा मसाला घालावा.

फोडणीबद्दल एवढेच की तिथल्या काचेच्या विजेच्या शेगडीची उष्णता बटण बंद केले तरी लगेच उतरत नाही. मोहरी तडतडली की पातेले उचलून बाजूला ठेवावे, नाहीतर हळद जळते.

आता पुड्यांविषयी, कारण ताईचा सगळा जीव त्यांत आहे. गोडा मसाला इथूनच न्यावा. दगडफूल आणि नागकेशर तिथे शोधत बसण्यात अर्थ नाही, आणि सुके खोबरे भाजल्याचा वास भाड्याच्या छोट्या खोलीत दोन दिवस मुक्काम करतो. कढीपत्त्याची ताजी जुडी मात्र सामानात घालू नये. 14 डिसेंबर 2019 पासून युरोपीय संघात बाहेरून येणाऱ्या ताज्या वनस्पती, भाज्या आणि बहुतेक सर्व फळे यांना रोगमुक्ततेचा सरकारी दाखला लागतो. सूट आहे ती अननस, नारळ, केळी, खजूर आणि ड्युरियन या पाचांनाच. घरचे तूप आणि पेढेही दुधाचे पदार्थ म्हणून अडतात, आणि हे ऐकून ताईने भरलेला डबा पुन्हा उघडला आहे.

राहिला गूळ. गुजराती शेजाराची संगत म्हणून आमच्या घरच्या रश्शात तो सढळ हाताने पडतो, तिथे भारतीय दुकानात तो मिळतोही, पण डब्यातल्या टोमॅटोचा आंबटपणा वेगळा असल्यामुळे आधी रस्सा चाखावा आणि मग सुपारीएवढा खडा टाकावा, असे माझे मत आहे. ताईला ते मान्य नाही. तिच्या मते गूळ मोजून घालायचा नसतो.