वाघबीळ आलं

पावसाळ्यात पन्हाळ्यावर गाइडकी करणं म्हणजे नसलेला माल विकणं. सज्जाकोठीत गिऱ्हाईक उभं करायचं, जोतिबाच्या डोंगराकडं बोट दाखवायचं, आणि समोर नुसतं पांढरंफटक धुकं.

कोल्हापुरात राजारामपुरीत माझा इंग्रजी संभाषणाचा वर्ग आहे. मराठ्यांचे जे १२ किल्ले जुलै २०२५ मध्ये जागतिक वारसा यादीत गेले, त्यांत पन्हाळाही आहे. तेव्हापासून गडावरची गाइड पोरं वर्गात येऊन बसायला लागली. इतिहास तोंडपाठ, आवाज खणखणीत. इंग्रजीत मात्र दिसण्याच्या नावानं सगळा एकच मामला: 'फोर्ट केम टू सी', 'सन केम टू सी'. फळ्यावर लिहून दिलेलं वहीत छान उतरायचं आणि गडावर गेलं की परत 'केम टू सी'. शेवटी ऐन पावसात मी अख्खा वर्गच गाडीत घातला.

शिवाजी पूल, केर्ली मागं पडली. घाटाच्या एका वळणावर क्षणभर धुकं फाटलं आणि गडाची कड दिसली. मी लगेच वाक्य दिलं, 'द फोर्ट केम इनटू व्ह्यू.'

"किल्ला कुठं आला, मॅडम? आपण गेलो की!" मागच्या सीटवरनं कसबा बावड्याचा एकजण.

"आणि मघाशी 'वाघबीळ आलं, वाघबीळ आलं' म्हणून कोण ओरडत होतं? ते काय चालत आलं होतं?"

गाडीत हशा पिकला. त्यानंतर 'कम इनटू व्ह्यू' कुणी चुकलं नाही. वळण घेतलं, आडोसा सरला, की ते वापरायचं, हे त्यांच्या डोक्यात पक्कं बसलं.

तीन दरवाजापाशी तर चार हातांवरचं दिसेना. तेवढ्यात धुक्यातनं काहीतरी काळं, भलंमोठं पुढं सरकू लागलं. माझ्या मनासारखा प्रसंग! म्हटलं, याला 'लूम' म्हणायचं. अस्पष्ट, अवाढव्य, जरा धडकी भरवणारं. ते जवळ आलं आणि म्हैस निघाली.

"ही वळखीची म्हस हाय, मॅडम. ही कशाला लूम हुतीया?"

खरं सांगायचं तर त्याचं बरोबर होतं. 'लूम'मध्ये भीतीची छटा असते. रोज धार काढायच्या जनावराला तो शब्द शोभत नाही. 'शो अप' आणि 'टर्न अप' चहाच्या टपरीवर उरकले. उशिरा उगवणारा मित्र 'शोज अप', हरवलेली छत्री 'टर्न्स अप'. 'कम टू लाइट'वर मात्र मी अडून बसले. तो किल्ल्याला नाही, सूर्याला नाही; दडवलेली गोष्ट उघडी पडली तरच. पोरांनी माना डोलावल्या. पटलंय असं काही वाटलं नाही.

सज्जाकोठीत एक परदेशी जोडपं धुकं हटायची वाट बघत बसलं होतं. वयस्कर, दोघांच्याही अंगावर रेनकोट. आमचा कसबा बावडा त्यांच्याशेजारी जाऊन टेकला आणि, दाखवायला काही नव्हतं म्हणून की काय, गोष्ट सांगायला लागला. १६६० सालची. सिद्दी जौहरचा वेढा, महिनोन् महिने. 'द एनिमी कॅम्प लूम्ड बिलो.' मी कान टवकारले. मग जुलैतली पावसाळी रात्र, दोन पालख्या. एकीत महाराज, दुसरीत महाराजांसारखा दिसणारा शिवा काशीद. 'अवर किंग मस्ट नॉट कम इनटू व्ह्यू,' तो हळू आवाजात म्हणाला. दिवसभर दिसण्याचे शब्द घोटले होते आणि पोरगा ते न दिसण्यासाठी वापरत होता! हे माझ्या पाठात कुठंच नव्हतं.

दुसरी पालखी शत्रूनं धरली. छावणीत आधी जल्लोष. 'देन इट केम टू लाइट. ही इज नॉट द किंग.'

जोडप्यातल्या बाईंनी विचारलं, पकडलं गेल्यावर आपलं काय होणार, हे त्याला ठाऊक होतं का?

"यस. ही न्यू." मग जरा थांबून, "शिवा काशीद किल्ड."

'किल्ड'च्या आधी 'वॉज' हवा. नाहीतर अर्थ उलटा होतो, मरणाराच मारणारा ठरतो. वाक्य माझ्या ओठांवर आलं होतं, पण त्या दोघांचे चेहरे बघून गिळलं. त्यांना अर्थ बरोबर पोचला होता. शिवा काशीदांचं स्मारक बघायचंय म्हणून ते उठलेच, आणि पोरगा मला न विचारता त्यांच्याबरोबर नेबापूरकडं उतरला. परतीच्या गाडीत त्याची सीट रिकामी.

'वॉज' सोमवारी फळ्यावर घेतला. सगळ्यांसाठी, त्याचं नाव न घेता.